डीप हाऊस ते प्रोग्रेसिव्ह ट्रान्स : सलग मिक्स अल्बम आणि मधला अवघड टप्पा

रातांबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

शिमगा आटोपला की गुहागरला आमच्या वाडीत शाळेपासूनची मित्रमंडळी जमणार आहेत. रात्रीच्या बैठकीसाठी मी साधारण ७५ मिनिटांचा एक सलग मिक्स (ट्रॅक एकमेकांत मिसळून न थांबता चालणारं संगीत) करतोय. तोच प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर भेट द्यायचाय. सुरुवात डीप हाऊसने आणि शेवट प्रोग्रेसिव्ह ट्रान्सने (दोन्ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे प्रकार; पहिला संथ, उबदार, दुसरा वेगवान), एवढं पक्कं आहे.

आधी माझं मत सांगतो. मिक्स अल्बम म्हणजे आवडत्या गाण्यांची यादी नव्हे. ती एकच रचना असते आणि ती एका बैठकीतच ऐकली पाहिजे. साशा आणि जॉन डिगवीड या ब्रिटिश डीजेंनी १९९४ साली 'रेनेसाँ'चा तीन सीडींचा संच केला, १९९६ साली 'नॉर्दर्न एक्स्पोजर' केला. त्या दुसऱ्या अल्बमची सुरुवात इतकी शांत, तरंगती आहे की नाचायचा विचारही मनात येत नाही. मग हळूहळू जमीन सरकायला लागते. त्यातला एखादा ट्रॅक सुटा काढून ऐकला तर चांगला वाटतो, पण तो तिथे का आहे ते कळत नाही.

आता अडचण. माझे डीप हाऊसचे ट्रॅक १२० बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) आसपास आहेत, शेवटचे ट्रान्सचे १३० च्या पुढे. दोन्ही टोकं छान जमलीत. मधली वीस मिनिटं जमत नाहीत. तिथे ऐकणाऱ्याला दोन ट्रॅकमधला सांधा जाणवतोच. तुम्ही हा टप्पा कसा ओलांडता? आणि यासाठी कोणते अल्बम बारकाईने ऐकावेत?

निळी_भरती

विषय काढलात, फार बरं वाटलं. मराठीत यावर कोणी बोलतच नाही.

डिगवीड इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा. तेही मासेमारीचं गाव, तिथल्या होड्या आजही थेट किनाऱ्यावरून समुद्रात लोटतात. त्याच्या मिक्समध्ये घाई नसते. डीजेंच्या मिक्स अल्बमच्या 'ग्लोबल अंडरग्राउंड' मालिकेतला त्याचा १९९९ चा हाँगकाँगचा मिक्स जरूर ऐका. त्याच वर्षीचा साशाचा इबिझाचाही ऐका, पण डिगवीड आधी.

पांढरी_तीन

सांधा जाणवतो तो वेगामुळे नाही, असा माझा अंदाज आहे. १२० ते १३० म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास फरक. तेरा ट्रॅक धरले तर बारा सांधे होतात, दर सांध्याला एक बीपीएमसुद्धा वाढवावा लागत नाही. तेवढं कोणाच्याच कानाला कळत नाही.

खरा घोटाळा ठेक्याच्या झोक्यात असतो. डीप हाऊसच्या हाय-हॅटमध्ये (ड्रमच्या झांजेच्या टिकटिकीत) स्विंग असतो, म्हणजे एका ठोक्याचे चार भाग केले तर दुसरा आणि चौथा किंचित मागे पडतो. ट्रान्सची बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) त्याच चार भागांत सरळसोट धावते. हे दोन एकमेकांवर ठेवले की किक (ड्रमचा जाड ठोका) कितीही अचूक जुळवा, वरची टिकटिक दुहेरी ऐकू येणारच. म्हणून मधे असा ट्रॅक हवा ज्याची हाय-हॅट सरळ आहे पण कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) मात्र डीप हाऊससारख्या उबदार आहेत. असे दोन ट्रॅक मिळाले तर तुमचं काम झालं.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपण पेटीवर जसं 'पांढरी सहा', 'काळी चार' म्हणतो तसंच बघायचं. ट्रॅक पांढरी सहाच्या मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या स्वरांत) असेल तर पुढचा पांढरी तीन किंवा पांढरी दोनच्या मायनरमध्ये घ्या. म्हणजे सा वरून प ला जा नाहीतर म ला जा. अशा शेजारच्या पट्ट्यांत एकच स्वर वेगळा असतो, त्यामुळे दोन ट्रॅक मिनिटभर एकत्र वाजले तरी बोचत नाहीत.

रातांबा

@पांढरी_तीन, स्विंगचा मुद्दा लाख मोलाचा आहे. मी दोन दिवस नुसता वेगाशी झटापट करत होतो. आज रात्री मधले ट्रॅक याच कानाने ऐकतो.

खाडीपलीकडे

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. डीप हाऊस आणि प्रोग्रेसिव्ह ट्रान्स एकाच ताटात वाढूच नयेत. डीप हाऊस शिकागोचं. तिथल्या संगीतकार लॅरी हर्डने १९८६ च्या सुमारास जे केलं त्यात जॅझ आहे, सोल आहे, गॉस्पेलची आर्तता आहे. ते माणसाला जागच्या जागी धरून ठेवतं. ट्रान्सला सतत पुढे कुठेतरी पोचायचं असतं. दोन वेगळ्या रात्री आहेत या. तुम्ही त्यांना जोडलंत की पहिला अर्धा तास फक्त वाट बघण्याचा होतो, आणि डीप हाऊसला असं प्रतीक्षालय बनवलेलं मला मनापासून खटकतं.

निळी_भरती

@खाडीपलीकडे, प्रतीक्षालय होतं हे खरं, पण ते ट्रॅक निवडणारा आळशी असला तर. डीजे डॅनी टेनाग्लियाचा 'ग्लोबल अंडरग्राउंड'मधला अथेन्सचा मिक्स ऐका. त्यात सुरुवातीचा भाग स्वतःच्या पायावर उभा आहे.

डबलबारी_बुवा

माका ह्या विंग्रजी प्रकाराची सगळी नावां ठावक नाय. पण रातांब्यांनी जा इचारल्यानी ता माका बरोब्बर समाजला.

आमच्या हय डबलबारीक (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याक) बुवा काय करता? रूपावली, मगे अभंग, मगे गौळण आणि शेवटाक गजर. अभंगात पखवाज दमान चलता. गौळणीत जरा नाचरो होता. आणि गजराक इलो की लय अशी चढता की म्हातारी माणसासुदां बसल्याजागी डुलाक लागतत. पण गजर चढता तो गौळणीमुळे. गौळणीत बुवान घोळवल्यानच नाय तर गजर कोरडो जाता.

तुमचो मधलो टप्पो म्हणजे गौळण. थय घाई करू नकात.

रातांबा

बुवा, साष्टांग नमस्कार. मधल्या वीस मिनिटांचं नाव आजपासून 'गौळण'. प्रोजेक्ट फाईलमध्येही तेच लिहिलं.

शेंगदाणा_लाडू

गौळण म्हटल्यावर मला राहवेना. दोन्हीकडे ठेका आठाच्या घरात असतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, हाऊसमध्ये चार ठोक्यांची एक फेरी. आठ फेऱ्या झाल्या की ३२ ठोके होतात आणि नवा स्वर, नवं वाद्य बहुतेक तिथेच येतं. १२० बीपीएमला ३२ ठोके म्हणजे बरोबर १६ सेकंद. नवा ट्रॅक आत घ्यायचा तो या वळणावर. मधेच घेतला तर ताल बरोबर असूनही कोणीतरी वाक्य तोडलं असं वाटतं. पखवाजवाला समेवर आला नाही की टाळकरी कसे वळून बघतात, तसंच.

देवगडकर_ठाण्यात

कोणाकडे आहेत हो सलग ७५ मिनिटं? मी तर दोन ट्रॅक ऐकतो आणि फोन वाजतो.

कोकणकन्येची_खिडकी

@देवगडकर_ठाण्यात, कोकणकन्येत बसा की! रात्री मुंबई सोडली की अख्खी रात्र आपली. या मार्गावर ९० हून जास्त बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. रेंज जाते, फोन येत नाही. फक्त अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ऐन चढणीवर गाणं गप्प होतं.

आणि अॅपवर ऐकणार असाल तर एक काळजी घ्या. सलग मिक्सचे तुकडे पाडून दिलेले असतात. एमपीथ्री बनवताना प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे बारीकशी शांतता चिकटते. प्लेअर गॅपलेस (तुकडे न थांबता जोडून वाजवणारा) नसेल तर दर सहा-सात मिनिटांनी उचकी लागते. रातांबा, तुम्ही पेन ड्राइव्हवर एकच अखंड फाईल द्या.

खाडीपलीकडे

या मुद्द्यावर मात्र पूर्ण सहमत. तुकडे पाडलेला मिक्स अल्बम ऐकवत नाही.

समुद्रफेन

ट्रान्स आणि कोकणपट्टी म्हटल्यावर गोव्याचं कोणीच कसं बोललं नाही?

हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी मंडळी येत होती. ऐंशीच्या दशकात तिथल्या रात्रींत इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. उष्णता, धूळ आणि खारी हवा यांत विनाइलच्या तबकड्या टिकत नसत, म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे. गोवा गिल हे त्यातलं सर्वांत मोठं नाव, २०२३ मध्ये ते गेले. डॅट टेपचा वेग टर्नटेबलसारखा मागेपुढे करता येत नाही, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवणं शक्य नव्हतं. मग त्या संगीतात सुरुवात आणि शेवट लांबलचक, ठेक्याविना ठेवायची पद्धत पडली. दोन ट्रॅक त्या धुक्यात एकमेकांत विरघळायचे.

पुढे ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने डिसेंबर १९९४ मध्ये बीबीसी रेडिओ १ वर 'गोवा मिक्स' सादर केला आणि त्या किनाऱ्याचा आवाज थेट विलायतेतल्या घराघरांत पोचला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून हे सगळं गेलं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

रातांबा, यात तुमच्यासाठी एक युक्तीही आहे. ठेका नसलेला दीड-दोन मिनिटांचा भाग मधे ठेवलात तर त्या अवधीत वेग तीन-चार बीपीएमने वाढवता येतो. ठेका परत येतो तेव्हा जुना वेग कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

पांढरी_तीन

+१. हे कायम चालतं. फक्त त्या भागात पट्टी बदलू नका. वेग आणि पट्टी एकदम बदलली की कान सावध होतो.

पेटीमास्तर

गोव्याच्याही आधीची एक गोष्ट मुंबईची आहे. चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी दहा रागांचा डिस्को ठेक्यावरचा अल्बम केला. इलेक्ट्रॉनिक वाद्यं होती रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. भैरवी, ललत, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे राग त्यात आहेत. शिकागोत ॲसिड हाऊस (टीबी-३०३च्या आवाजावर उभा असलेला हाऊसचा प्रकार) जन्माला यायच्या काही वर्षं आधी. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरचे डीजे थक्क झाले.

तो ऐकल्यावर मला कळलं की रागसंगीत आणि हे संगीत एकमेकांना इतकं सहज का भेटतं. दोन्हींत कॉर्ड्सची धावपळ नाही. खाली एक सूर धरलेला आणि वर एकच आकृती हळूहळू उलगडत जाणारी. आमच्या विद्यार्थ्यांना मी तो ऐकवतो. सुरुवातीला हसतात, तोडी संपेपर्यंत गप्प झालेले असतात.

शेंगदाणा_लाडू

पेटीमास्तर, मालकंसाचा ट्रॅक आत्ता ऐकतोय. अहो, १९८२! विश्वास बसत नाही.

कासवमित्र_वेळास

मंडळी, संगीतावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही, पण रातांब्यांना एक कळकळीची विनंती. बैठक वाडीत ठेवा, पुळणीवर नेऊ नका.

शिमग्यानंतरचा काळ म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांचा काळ. नोव्हेंबरपासून माद्या अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. गुहागरचा किनाराही त्यांचा आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचा मंद उजेड त्यांना पाण्याकडे नेतो. किनाऱ्यावर दिवे लावले की ती उलटी गावाकडे वळतात आणि सकाळपर्यंत मरतात. नाचणाऱ्या पायांखाली घरटं आहे की नाही हेही अंधारात समजत नाही.

रातांबा

@कासवमित्र, निश्चिंत राहा. बैठक वाडीतच आहे, माडांच्या आत. किनाऱ्यावर ना दिवा ना स्पीकर. मित्रांनाही हा प्रतिसाद वाचायला पाठवतोय.

देवगडकर_ठाण्यात

वाडीत असलं तरी रात्री दहाचं भान ठेवा. नियमानुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. आणि या संगीतात बेस फार. बारीक आवाज भिंतीला अडतो, बेस अडत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबीच सात मीटरच्या जवळपास असते, चिऱ्याची भिंत तिला कितीशी रोखणार? शेजारची आजी झोपलेली असेल.

कोकणकन्येची_खिडकी

आणि वाऱ्याकडे बघा. संध्याकाळी खारे वारे असतात तोवर आवाज गावाकडे जातो. रात्री मतलई वारा सुटला की तो समुद्राकडे वाहतो. स्पीकरची तोंडं त्याप्रमाणे फिरवा. पण दहानंतर आवाज घरातलाच ठेवा, वारा कुठलाही असो.

डबलबारी_बुवा

आजयेक पण बोलवा! आमची आजी गजराक सगळ्यांच्या आधी उठान उभी रवता.

खाडीपलीकडे

बुवांचा प्रतिसाद वाचून आजीला बोलवायच्या बाजूने माझंही मत.

मूळ प्रश्नाकडे येतो. दोन प्रकार जोडायला माझा विरोध कायम आहे, पण जोडणारच असाल तर डीप हाऊसला त्याचा पूर्ण वेळ द्या. निदान पंचवीस मिनिटं. त्यात एक तरी गाणं माणसाच्या आवाजातलं असू दे, नुसते कापलेले शब्द नकोत. त्यानंतर आवाज काढून घ्या. मग ट्रान्सच्या भागात जी मोकळी जागा तयार होते तिला अर्थ येतो, कारण कोणीतरी तिथून उठून गेलेलं असतं.

निळी_भरती

@खाडीपलीकडे, हे इतकं सुंदर सुचवलंत आणि म्हणे विरोध!

लाल_माती

मिक्स हाताने करताय की संगणकावर? मला विचाराल तर हाताने करा. दोन डेक (तबकडी वाजवणारी यंत्रं), एक मिक्सर. टेक्निक्सच्या एसएल-१२०० वर वेग आठ टक्के वरखाली करता येतो. वेग सहा टक्क्यांनी वाढवला की पट्टीही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, ते सांभाळत मिक्स करण्यात जो जिवंतपणा आहे तो माऊसने येत नाही.

पांढरी_तीन

मला पटत नाही. साशाने २००४ मध्ये 'इन्व्हॉल्व्हर' केला तो एबल्टन या संगणकीय प्रणालीत, ट्रॅक सुटे करून पुन्हा बांधत. डीजे जोरिस वूर्नने २००९ च्या 'बॅलन्स ०१४' मध्ये शंभराहून जास्त ट्रॅकचे तुकडे विणलेत. हे डेकवर होणारच नाही. अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला जातो, त्यामुळे सांधा घासूनपुसून घ्यायला वेळ देणं हे श्रोत्याबद्दलच्या आदरातून येतं. पार्टीतल्या सेटचे नियम वेगळे.

लाल_माती

'इन्व्हॉल्व्हर' मलाही आवडतो. पण तो मला घडवलेला वाटतो, घडलेला वाटत नाही. ज्याची त्याची आवड.

समुद्रफेन

मधला मार्ग सांगतो. रचना संगणकावर ठरवा, ट्रॅकचा क्रम, पट्टी, वेग सगळं. मग एका दमात हाताने वाजवून रेकॉर्ड करा. बेसची अदलाबदल मात्र प्रत्यक्ष हाताने करा. दोन बेसलाइन एकत्र वाजल्या की खालचा भाग चिखल होतो, म्हणून जुन्याची लो नॉब (बेस कमी-जास्त करणारी कळ) उतरवताना नव्याची चढवायची. ती नॉब कधी फिरवायची हे ग्रिड (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषा) बघून समजत नाही.

पेटीमास्तर

बरोबर. विलंबितातून द्रुतात कधी जायचं हे तबलजी घड्याळ बघून ठरवत नाही.

रातांबा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल रात्री बसून क्रम पुन्हा लावला, तो इथे मांडतो.

पहिली २६ मिनिटं डीप हाऊस, ११९ पासून १२२ पर्यंत. त्यात खाडीपलीकडे यांनी सुचवल्याप्रमाणे एक पूर्ण गाणं, स्त्रीच्या आवाजातलं. ते संपलं की पुढे आवाज नाही.

मग गौळण. यात सरळ हाय-हॅटचे दोन ट्रॅक, दोन्ही पांढरी तीनच्या मायनरमध्ये. त्यांच्यानंतर ठेका नसलेला साधारण दीड मिनिटांचा भाग, पट्टी तीच. १२३ ला ठेका थांबतो आणि १२७ ला परत येतो. हा सांधा मी मुद्दाम बायकोला काही न सांगता ऐकवला. तिला वेग वाढलेला कळला नाही, फक्त म्हणाली, 'इथे उठावंसं वाटतं.' तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

शेवटची तीस मिनिटं १२७ ते १३१. त्याहून वर नेत नाही, मंडळींना नंतर गप्पाही मारायच्या आहेत.

@लाल_माती, समुद्रफेन यांच्या पद्धतीने एका दमात हाताने रेकॉर्ड करणार आहे.

लाल_माती

वा! रेकॉर्ड करताना पातळी लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवा. सहा डेसिबल मोकळे सोडलेत तरी चालेल, आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

निळी_भरती

आम्हालाही ऐकायला मिळेल ना? कुठे अपलोड करणार?

रातांबा

जाहीर अपलोड करणार नाही. प्रत्येक ट्रॅक कोणाचा तरी आहे, आणि मिक्स अल्बम बाजारात आणायचा तर प्रत्येकाचा परवाना घ्यावा लागतो. ट्रॅकची पूर्ण यादी मात्र इथेच टाकतो, म्हणजे ज्याला आवडेल त्याने ती गाणी विकत घ्यावीत. ती करणाऱ्यांपर्यंत पैसे गेलेच पाहिजेत.

कोकणकन्येची_खिडकी

योग्य निर्णय. पेन ड्राइव्हवर दोन फाईली ठेवा. घरी ऐकायला फ्लॅक (आवाजाचा दर्जा न गमावणारी फाईल) आणि जुन्या गाड्यांच्या स्टिरिओसाठी ३२० केबीपीएसची एमपीथ्री. आणि ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बऱ्याच गाड्या दुसरं काही ओळखत नाहीत.

डबलबारी_बुवा

शिमग्यानंतर आमची बारी आसा कुडाळाक. रातांब्यांनू, मित्रांका घेवन या. गौळण कशी घोळवतत ता समोर बसान आयका.

रातांबा

येतोच बुवा. तारीख कळवा, त्याप्रमाणे सगळ्यांची परतीची तिकिटं काढतो.